चेहऱ्यावरून खोटं ओळखता येत नाही, मग कशावरून येतं?

प्रश्न असा आहे: एका जवळच्या सहकाऱ्याने कामाबद्दल वर्षभर थापा मारल्या. रोज समोर बसून बोलायचा, तरी शंका आली नाही. शेवटी तिसऱ्याच माणसाकडून खरं कळलं. डोळे, हातवारे, आवाज यांवरून खोटं ओळखायला शिकता येतं का? आणि काही लोकांना ते उपजतच जमतं म्हणतात, ते खरं आहे का?

मी मानसशास्त्रज्ञ आहे. गुन्ह्यांचा तपास किंवा कार्यालयातल्या तक्रारींची चौकशी करणाऱ्यांना मुलाखत कशी घ्यायची, हे मी शिकवते. वर्गात येणाऱ्या बहुतेकांना हेच जाणून घ्यायचं असतं, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. चेहऱ्यावरून आणि हालचालींवरून खोटं ओळखणं जवळजवळ कुणालाच जमत नाही आणि सरावानेही त्यात फारसा फरक पडत नाही. माणूस काय सांगतो आहे ते नीट ऐकलं, योग्य क्रमाने प्रश्न विचारले आणि उत्तरं पडताळून पाहिली, तर मात्र बरंच काही हाती लागतं.

तुम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळलं याचं तुम्हाला वाईट वाटतंय. पण बहुतेक खोटं असंच उघडकीला येतं. संशोधक ही-सन पार्क, टिमोथी लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की तुमच्याशी कुणी खोटं बोललं आणि ते नंतर उघड झालं, असा एखादा प्रसंग आठवा. ते तुम्हाला कळलं कसं? उत्तरं पुन्हा पुन्हा तीच आली. दुसऱ्या कुणी सांगितलं, काही पुरावा हाती लागला, नाहीतर खोटं बोलणाऱ्यानेच कबुली दिली. तेही लगेच नव्हे, कित्येकदा काही दिवसांनी, आठवड्यांनी, महिन्यांनी. समोर बसलेल्या माणसाच्या त्या वेळच्या वागण्याबोलण्यावरूनच खोटं पकडलं गेलं, अशी उदाहरणं दोन टक्क्यांहूनही कमी होती. तुमचा अनुभव या चित्रात अगदी चपखल बसतो.

आता समजा पडताळणीची सोयच काढून घेतली. समोर फक्त माणूस आहे, तो बोलतो आहे आणि तुम्हाला खरं की खोटं एवढंच सांगायचं आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये अशा प्रयोगांचे दोनशेहून अधिक अहवाल एकत्र करून तपासले. त्यांत मिळून २४ हजारांहून जास्त लोकांनी निवाडे दिले होते. सरासरी अचूकता निघाली ५४ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी ५० आलीच असती. या सरासरीच्या पोटातले आकडे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. खरी विधानं लोकांनी ६१ टक्के वेळा खरी मानली, खोटी मात्र ४७ टक्के वेळाच खोटी म्हणून ओळखली. म्हणजे अर्ध्याहून जास्त खोटं बिनबोभाट खपून गेलं. आपला कल मुळातच विश्वासाकडे असतो.

या कलाला लोक भोळेपणा म्हणतात, ते मला मान्य नाही. लेव्हिन यांचा सिद्धांत असा आहे, की समोरचा खरं बोलतो आहे हे आपण गृहीतच धरतो आणि शंकेला काही ठोस कारण मिळेपर्यंत ते गृहीतक सोडत नाही. हे गृहीतक बहुतेक वेळा बरोबरही ठरतं. किम सेरोटा, लेव्हिन आणि फ्रँकलिन बोस्टर यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या हजार प्रौढांना गेल्या २४ तासांत किती वेळा खोटं बोललात असं विचारलं. सुमारे ६० टक्के लोकांनी एकदाही नाही असं सांगितलं आणि नोंदवलेल्या एकूण खोट्यापैकी जवळपास निम्मं खोटं अवघ्या पाच टक्के लोकांच्या नावावर निघालं. असं असताना प्रत्येक वाक्य संशयाने तोलणाऱ्या माणसाच्या हाती काय लागेल? चार थापा पकडेलही, पण त्यापायी खरं बोलणाऱ्या कितीतरी जणांना खोटं ठरवेल. तुम्ही वर्षभर विश्वास ठेवलात ते याच न्यायाने.

त्यात तो जवळचा होता. स्टीव्हन मॅककॉर्नॅक आणि माल्कम पार्क्स यांनी १९८६ मध्ये मांडलेलं निरीक्षण मी वर्गात नेहमी सांगते. नातं जसं घट्ट होतं तसा ‘मी याला ओळखतो’ हा आत्मविश्वास वाढतो, त्याबरोबर समोरचा खरंच बोलतो आहे असं मानायची प्रवृत्ती वाढते आणि त्याचं खोटं ओळखण्याची क्षमता उलट घटते. मित्र, जोडीदार, वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी यांच्या बाबतीत आपण सर्वांत जास्त खात्रीने बोलतो, आणि त्या खात्रीला आधार सर्वांत कमी असतो.

आता डोळ्यांकडे येते. खोटं बोलणारा नजर चुकवतो, ही समजूत किती दूरवर पसरली आहे हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं. ७५ देशांतल्या लोकांचा त्यात समावेश होता आणि नजर चुकवणं हीच खोट्याची सर्वाधिक सांगितली गेलेली खूण ठरली. त्याआधी २००३ मध्ये डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी १५८ वेगवेगळ्या संभाव्य खुणांचा प्रत्यक्ष अभ्यासांतला पुरावा तपासला होता. नजर, चुळबुळ, बसण्याची ढब असं सगळं त्यात आलं. बहुतेक खुणांचा खोट्याशी संबंध एकतर आढळला नाही किंवा इतका क्षीण निघाला, की एका माणसाच्या बाबतीत त्यावरून काही ठरवताच येऊ नये. नजर चुकवण्याचा तर जवळजवळ शून्य.

असं का, हे थोडा विचार केला तर लक्षात येतं. ‘चोराच्या मनात चांदणं’ यावर आपला पक्का विश्वास असतो. खोटं बोलणाऱ्याला आतून टोचणी लागणार आणि ती चेहऱ्यावर उमटणार, असं आपण धरून चालतो. पण टोचणी सगळ्यांनाच लागत नाही. ज्याने तेच खोटं दहा वेळा सांगितलं आहे त्याला ते सवयीचं झालेलं असतं. शिवाय लोक नजरेकडे पाहतात हे खोटं बोलणाऱ्यालाही माहीत असतं, त्यामुळे तो मुद्दाम डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. पोलिसांसमोर बसलेल्या खऱ्याखुऱ्या संशयितांच्या चित्रफिती समँथा मान, ॲल्डर्ट व्रिज आणि रे बुल यांनी २००२ मध्ये अभ्यासल्या. संशयित सोळाच होते, पण त्यांचं खोटं प्रयोगशाळेतलं लुटूपुटूचं नव्हतं. खोटं बोलताना त्यांची नजर काही पळाली नाही. पापण्यांची उघडझाप उलट कमी झाली आणि बोलण्यात थांबे वाढले. घाबरलेल्यापेक्षा डोकं चालवणाऱ्या माणसाचं हे लक्षण जास्त वाटतं. गोष्ट जुळवायची, आधी काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं, समोरच्याला काय माहीत असेल त्याचा अंदाज घ्यायचा, असा भार डोक्यावर असतो. पण अवघड, खरी आठवण शोधणारा माणूसही तसाच थांबत थांबत बोलतो. म्हणून हीसुद्धा खूण एकटीने कामाची नाही.

डोळे उजवीकडे वर गेले की खोटं आणि डावीकडे गेले की खरं, ही गोष्ट सोडूनच द्या. २०१२ मध्ये रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी ती तपासली, तिला काहीही आधार मिळाला नाही. क्षणभर चमकून जाणाऱ्या सूक्ष्म हावभावांचंही असंच. स्टीफन पोर्टर आणि लीन टेन ब्रिंके यांना २००८ मध्ये सुमारे दोन टक्के हावभावांतच ते सापडले, तेही चेहऱ्याच्या वरच्या किंवा खालच्या अर्ध्या भागात, संपूर्ण चेहऱ्यावर कधीच नाही. आणि क्षणभर भीती दिसलीच, तरी ती कशाची हे चेहरा सांगत नाही.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण सगळ्यांत मोठं नुकसान इथे होतं. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी एका चुकीला शेक्सपिअरच्या नाटकातल्या ऑथेल्लोचं नाव दिलं. त्या नाटकात बायकोचं, डेस्डेमोनाचं, भेदरणं ऑथेल्लोला तिच्या अपराधाचा पुरावा वाटतं, प्रत्यक्षात ती आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून भेदरलेली असते. चौकशीच्या खोलीत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. निर्दोष माणूस घामाघूम होतो, अडखळतो, पाण्याचा पेला त्याच्या हातात थरथरतो. संकोची माणसं, तोतरं बोलणारी माणसं, स्वमग्न व्यक्ती, परक्या भाषेत जबाब द्यावा लागलेली माणसं या सगळ्यांची वागणूक नेमकी ‘संशयास्पद’ दिसते. अत्याचार सोसलेली व्यक्ती कधीकधी अगदी कोरडेपणाने, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तशी बोलते. तिने रडायला हवं होतं असं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि ती रडली नाही म्हणून तिच्यावर विश्वास बसत नाही. धक्का बसलेल्या मनाचं ते एक नेहमीचं रूप आहे. देहबोलीच्या नावाखाली असा अन्याय होताना पाहिला की मला अजूनही राग येतो.

अशा प्रशिक्षणाने नुकसान वाढतं, हेही दिसलेलं आहे. सॉल कॅसिन आणि क्रिस्टिना फाँग यांनी १९९९ मध्ये काही विद्यार्थ्यांना पोलिसी पुस्तिकांमधल्या देहबोलीच्या खुणा शिकवल्या. हे विद्यार्थी न शिकवलेल्यांपेक्षा कमी अचूक निघाले, पण स्वतःच्या निकालाबद्दल जास्त ठाम होते. खात्री आणि अचूकता यांचा एरवीही संबंध नसल्यातच जमा आहे. तेव्हा ‘मला माणूस बघताक्षणी कळतो’ असं कुणी म्हटलं, तर त्याच्या आत्मविश्वासाखेरीज त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

यावरून तुमचा उपजत देणगीचा प्रश्न आलाच. बाँड आणि डीपॉलो यांनी २००८ मध्ये वेगळी आकडेमोड करून हेच शोधलं: कुणी खोटं ओळखण्यात खरोखर इतरांपेक्षा सरस असतं का? ओळखणाऱ्यांच्या अचूकतेतला फरक योगायोगाने पडावा तेवढाच निघाला. मोठा फरक होता तो बोलणाऱ्यांमध्ये. काही माणसं काहीही बोलोत, खरीच वाटतात. मोकळं हसू, सहज आवाज, न अडखळता बोलणं, साळसूद चेहरा. काही जण काहीही बोलोत, संशयास्पदच वाटतात. या दिसण्याचा आणि प्रत्यक्ष प्रामाणिकपणाचा मेळ बसेलच असं नाही. तुमचा सहकारी बहुधा पहिल्या प्रकारातला असावा. तसं असेल तर तुमच्या जागी मी असते तरी रोज समोर बसून मला काही कळलं नसतं.

यंत्रांबद्दल विचारलेलं नाही, पण ओघाने सांगते. पॉलिग्राफ हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वास आणि त्वचेवरचा घाम मोजतं. खोटं मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ च्या अहवालात एक हिशेब मांडला होता. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत आणि त्यांतले आठ सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली, तर त्या आठांबरोबर सुमारे १,६०० निर्दोष माणसंही दोषी ठरतात.

मग करायचं काय? मारिया हार्टविग आणि बाँड यांनी २०११ मध्ये दाखवलं, की लोक चुकीच्या खुणा पाहतात ही मुख्य अडचण नाही, खुणाच मुळात दुबळ्या आहेत. माझं सगळं काम या एका निष्कर्षावर उभं आहे. खुणा दुबळ्या असतील तर जास्त निरखून पाहण्यात काय हशील? बोलणंच असं घडवून आणायला हवं, की खरं आणि खोटं एकमेकांपासून आपोआप दूर जाईल.

त्यातली सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे आपल्याजवळचा पुरावा लगेच उघड न करणं. समजा कपाटातली एक फाईल गायब आहे आणि एका कर्मचाऱ्याच्या ओळखपत्राने त्या खोलीचं दार संध्याकाळी उघडल्याची नोंद आहे. नवखा चौकशी करणारा ही नोंद पहिल्याच मिनिटाला तोंडावर फेकतो: ‘तुम्ही संध्याकाळी त्या खोलीत गेला होतात, आमच्याकडे नोंद आहे.’ झालं. आता खोटं बोलणाऱ्याला आपली गोष्ट या नोंदीभोवती विणता येते: ‘हो, कागद आणायला गेलो होतो.’ खरं बोलणाराही हेच म्हणणार. दोघांमध्ये फरक करायची संधी तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलीत.

त्याऐवजी आधी मोकळा प्रश्न विचारायचा: ‘काल दुपारनंतरचं सगळं क्रमाने सांगा.’ मध्ये तोडायचं नाही. मग हळूहळू अरुंद व्हायचं: ‘दुपारनंतर तुम्ही कुठकुठल्या खोल्यांमध्ये गेलात?’, ‘त्या मजल्यावर जाणं झालं का?’ निर्दोष माणूस बहुधा सहज सांगून टाकतो की कागद आणायला गेलो होतो, कारण लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं. दोषी माणूस त्या खोलीपासून चार हात दूर राहतो, उल्लेख टाळतो किंवा साफ नाकारतो. त्यानंतरच नोंद पुढे ठेवायची आणि शांतपणे विचारायचं, हे कसं जुळतं? अर्थात निर्दोष माणूसही विसरू शकतो किंवा उगाच घाबरून नाकारू शकतो, म्हणून स्पष्टीकरण द्यायला पूर्ण वेळ द्यायचा आणि तेही पडताळायचं. हार्टविग, पेर अँडर्स ग्रॅनहाग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये स्वीडनमधल्या प्रशिक्षणार्थी पोलिसांवर ही पद्धत आजमावली. पद्धत शिकलेल्यांची अचूकता सुमारे ८५ टक्के, न शिकलेल्यांची सुमारे ५६. इतकी मोठी तफावत या विषयात क्वचित पाहायला मिळते.

दुसरी गोष्ट, अनपेक्षित प्रश्न. खोटं बोलणारा तयारी करून येतो, पण ती ठरावीक प्रश्नांची असते. व्रिज आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या प्रयोगात काही जोड्या खरोखर उपाहारगृहात जेवून आल्या होत्या, काहींनी तशी बतावणी केली होती. काय केलंत या प्रश्नाची उत्तरं सगळ्यांचीच जुळली. मग प्रत्येकाला वेगळं बसवून तिथल्या जागेचं रेखाचित्र काढायला सांगितलं. टेबल कुठे, दार कुठे, कोण कुठे बसलं होतं. बतावणी करणाऱ्यांची चित्रं एकमेकांशी जुळेनात. केवळ चित्रांवरून सुमारे ८० टक्के वर्गवारी बरोबर झाली.

तिसरी गोष्ट तपशिलाची. ब्रुनो फेर्शूरे आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये लोकांना एवढंच सांगितलं, की बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष करा आणि हकिगत किती तपशीलवार आहे तेवढंच पाहा. कोण, काय, कधी, कुठे, कसं. अचूकता ५९ ते ७९ टक्क्यांपर्यंत गेली. त्याच्या जोडीला गालित नहारी यांचा मुद्दा घ्यावा: तपशील पडताळण्याजोगा आहे का, हे पाहा. खोटं बोलणाऱ्याला तपशील द्यायचे असतात, म्हणजे गोष्ट खरी वाटेल. पण पडताळता येतील असे दिले तर फसण्याची भीती असते. मग तो हवा कशी होती, मनात काय आलं, रस्त्यात अनोळखी माणूस कसा दिसत होता, अशा गोष्टी रंगवून सांगतो. कुणाला फोन केला, पैसे कसे दिले, कुणाबरोबर होतो, याबद्दल मात्र गप्प. याला मर्यादाही आहेत. मुळात कमी बोलणारा माणूस खरं सांगतानाही त्रोटक सांगतो. आणि मुरलेला थापाड्या दुसऱ्याच कुठल्यातरी दिवशी खरोखर घडलेला प्रसंग उचलून फक्त तारीख बदलतो. मग तपशील भरपूर, अस्सल आणि तरी हकिगत खोटी.

हकिगत दुसऱ्यांदा सांगताना थोडी बदलली, तर लगेच ‘जबाब फिरवला’ म्हणू नका. खरी आठवण सांगणारा माणूस दुरुस्त्या करतो, ‘थांबा, ते आधी झालं होतं’ म्हणतो, मध्येच काहीतरी नवं आठवतं. शब्दन् शब्द सारखी हकिगत मला पढवलेली वाटते. हकिगत शेवटापासून उलट क्रमाने सांगायला लावण्याची युक्तीही बरीच प्रसिद्ध आहे. मी ती वापरत नाही, कारण थकलेल्या आणि भेदरलेल्या खऱ्या माणसाचाही तिने तितकाच गोंधळ उडतो.

आता तुमच्या सहकाऱ्याबद्दल. त्याच्याशी बोलायचं ठरवलंत, तर जाण्याआधी तुमच्याजवळ काय काय आहे ते तारखेनिशी लिहून काढा: कुठलं काम, तो काय म्हणाला होता, प्रत्यक्षात काय होतं, हे तुम्हाला कुणाकडून किंवा कुठल्या कागदावरून कळलं. तिसऱ्या माणसाचं सांगणंही पडताळा, चूक त्याचीही असू शकते. भेटीत हा कागद बाहेर काढू नका. ‘गेल्या वर्षातली ही कामं कशी कशी पुढे गेली, तुझ्या बाजूने एकदा सांग’ इथून सुरुवात करा आणि त्याला बोलू द्या. त्याचे डोळे, हात, आवाज यांच्याकडे लक्ष द्यायची गरज नाही, तो कुठल्या गोष्टी वगळतो तेवढं टिपा. पुढच्या कामांसाठी आठवड्याला एकदा झालेलं काम दोघांनी मिळून प्रत्यक्ष उघडून पाहायची पद्धत घाला. ती फक्त त्याच्यासाठी न ठेवता गटातल्या सगळ्यांसाठी ठेवा, म्हणजे कुणावर संशय घेतल्यासारखं होणार नाही आणि तुम्हालाही कुणाचा चेहरा वाचत बसावं लागणार नाही.